सेट होईपर्यंत

"हात ढिला सोड," हेमांगी म्हणाली. "मी धरेल शे ना."

"जीव जाई राहिना अक्का," दिपमाला कण्हली. "हात शे का लाकूड, काही समजी नही राहिनं."

मनगट मागच्या बाजूला उचललं गेलं होतं, बोटं सुजून तुकतुकीत झाली होती. एक्स-रे यायच्या आधीच हेमांगीने ओळखलं होतं. घसरून तळहातावर पडलेल्या बाईचं मनगट असंच वाकतं. धुळ्याच्या या हाडांच्या दवाखान्यात, प्लास्टर रूममध्ये तिची अर्धी हयात गेली होती. सणासुदीच्या साफसफाईत अशी मनगटं येतच राहायची. फक्त त्यातलं एकही आजवर तिच्या धाकट्या जावेचं नव्हतं.

"पडनी कशी पन?"

"कानबाईना चौरंग काढी राहिनू व्हतू माळावरथीन. स्टूल सरकनं."

दाराशी उभा असलेला कुंदन, हेमांगीचा धाकटा दीर, कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "वहिनी, भडगावला दवाखाना नव्हता का? पन ही ऐकेच ना. म्हने, अक्कानाच हातखाले जासू."

हेमांगीने मान हलवली आणि बादलीत कोमट पाणी ओतलं. एक्स-रे तिने मघाशी उजेडासमोर धरला होता. तुटलेलं हाड पाहताना पहिला विचार मनात आला तो असा : म्हणजे सोमवारचा पाट आता माझ्याकडे.

आणि तो विचार आल्याबरोबर तिने एक्स-रे पाकिटात घातला, जणू तो कोणी वाचला असता.

उद्या रविवार होता. नागपंचमीनंतरचा रविवार खानदेशात कानबाईचा. नारळाला डोळे-नाक रेखून, नथ घालून, चौरंगावर कानबाई बसायची, रात्र जागवायची, आणि सोमवारी सकाळी घरची सून तिला पाटावर ठेवून, पाट डोक्यावर घेऊन गिरणेवर न्यायची. नदीत न्हाऊ-माखू घालून परत आणायची. सगळं गाव त्या वेळी ओट्यांवर उभं असायचं. घरची थोरली सून म्हणून हा मान लग्न झाल्यापासून हेमांगीचा होता. दोन वर्षांपूर्वी तिला सोमवारची सुट्टी मिळाली नाही, तेव्हा सासूबाईंनी पाट दिपमालाच्या डोक्यावर दिला. सासूबाईंना सगळं गाव ताईबाई म्हणतं. गेल्या वर्षी हेमांगी वेळेवर, नऊवारी नेसून, चुंबळ करून तयार उभी होती. ताईबाई तिच्या समोरून गेल्या आणि म्हणाल्या, "धाकलीलेच लेऊ दे वं. तिना डोकावर कसा सेट बठस तो."

सेट.

इंग्रजी न शिकलेल्या ताईबाईंच्याही तोंडात हा शब्द मिठासारखा विरघळलेला होता. घरात कोणाला इंग्रजी येवो न येवो, या एका शब्दावाचून सगळ्यांचंच अडायचं. मोटार आणि पंप मिळून विहिरीवरचा सेट. पाहुण्यांसाठी काचेच्या कपांचा सेट. दही लागलं की सेट. मुलाला नोकरी लागली की तो सेट, मुलीचं लग्न ठरलं की ती सेट, आणि दोन्ही झालं की आईबाप सेट. हेमांगीच्या दवाखान्यात पट्ट्यांचा सेट, अवजारांचा सेट, झेरॉक्सचे दोन सेट. आणि घरी, धुळ्यातल्या दोन खोल्यांत, नूतनची सेट परीक्षा. प्राध्यापक व्हायचं तर ती पास व्हावीच लागते. हेमांगीची एकुलती एक मुलगी रसायनशास्त्र शिकवायची, पण तासांवर. सुट्टी लागली की पगार बंद. आज सकाळी निकाल लागला होता. नूतनने फोन उशाशी पालथा ठेवला आणि चहा घेतला नाही. तेवढ्यावरून कळलं.

गावात मात्र जो तो विचारायचा, "नूतन कव्हय सेट व्हई?" हेमांगीला कधी समजायचं नाही, परीक्षेचं विचारतात की लग्नाचं. दोन्हीचं उत्तर एकच असल्यामुळे तिला समजून घ्यायची गरजही पडत नसे.

दिपमालाचं सगळं सेट होतं. थोरला मुलगा योगेंद्र पुण्यात, धाकटा अभिमन शेतात ठिबक आणि केळीत. नव्या घरात सोफा सेट, गळ्यात दोन पदरी सेट. हेमांगीने बी.एस्सी.ला गणितात शिकलेलं एक वाक्य तिला अशा वेळी हटकून आठवायचं : प्रत्येक सेटचा, म्हणजे संचाचा, एक उपसंच रिकामा असतो. सासरच्या प्रत्येक कार्यात, बायकांच्या प्रत्येक घोळक्यात ती स्वतःला त्या रिकाम्या जागी ठेवून बघायची आणि जागा बरोबर जमायची.

डॉक्टर सर आले. त्यांनी भुलीचं इंजेक्शन दिलं, थोडं थांबले, मग दिपमालाचा पंजा धरून ओढला. मदतनीस लताबाईंनी कोपर मागे धरून ठेवलं होतं. दिपमाला ओरडली. आत कुठेतरी हाडाने जागा घेतल्याची बारीक करकर हेमांगीला ऐकू आली.

"बसलं," सर म्हणाले. "हेमांगीताई, या पोझिशनला धरून ठेवा. मला वर थिएटरमध्ये जायचंय."

हेमांगीने कापूस गुंडाळला. प्लास्टरची पट्टी पाण्यात सोडली, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली, दोन्ही टोकं धरून पिळली. मनगटाभोवती एकेक वेढा, अर्ध्यावर अर्धा, तळहाताने गुळगुळीत करत. मग दिपमालाचा पंजा किंचित खाली, करंगळीकडे वळवून, एका तळव्याने मनगटाच्या पाठीवर दाब देऊन ती बसली. बोटं लावायची नाहीत, बोटांचे खड्डे पडतात. आता काही मिनिटं हा हात हलला नाही पाहिजे. बाहेरून वाटतं, पट्टीने हाड धरलंय. तोवर खरं तर ते माणसाच्या हाताने धरलेलं असतं.

"आते हालू नको. सेट व्हवाले टाइम लागस."

"गरम लागी राहिनं अक्का."

"लागसच. पाणी पडनं की ते तापस. भिऊ नको."

दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ कधी बसल्या नव्हत्या. दिपमालाच्या केसांना खोबरेल आणि धुराचा वास होता. तिच्या हाताचा, कामाने राठ झालेला तळवा हेमांगीच्या तळव्यात होता. हिने कधी नोकरी केली नाही, पण सासूचं हगणं-मुतणं हिनेच काढलं, हेही हेमांगीला माहीत होतं. माहीत असून काही कमी होत नव्हतं.

"एक सांगू का?" दिपमाला हसली. भूल चढल्यामुळे असेल, दुखणं उतरलं होतं. "कोनलेच नही सांगेल अजून. ताईबाईले बी नही. योगेंद्रनं जमी गयं."

"हो का? कोठली पोर?"

"जामनेरनी. कॉलेजमा मॅडम शे. पक्की नोकरी." तिने आवाज खाली आणला, जणू दागिना दाखवत होती. "पहिलाच झटकामा सेट पास व्हयेल शे वं अक्का! पहिलाच! ते परीक्षा इतली कठीन ऱ्हास का? तुम्हलेच माहीत. आपली नूतनना निकाल लागना व्हता ना आज?"

हेमांगीच्या तळव्यातला दाब गेला.

किती वेळ गेला ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. फार नाही. श्वास सोडून घ्यावा इतकाच. पण त्या तेवढ्यात पट्टीखाली काहीतरी अगदी हलकेच मागे सरकलं, पीठ चाळताना चाळणी सरकते तसं. तिने ताबडतोब पुन्हा दाबलं. पट्टी अर्धवट कडक झाली होती. दाबाखाली ती जागा घेईना, नुसती चुरचुरली.

तिने वर पाहिलं. लताबाई बादली रिकामी करायला गेल्या होत्या. कुंदन बाहेर फोनवर. दिपमाला छताकडे पाहत उत्तराची वाट बघत होती.

"नही लागना अजून," हेमांगी म्हणाली.

वरून प्लास्टर पांढरंशुभ्र, नितळ होतं. हेमांगीने ओल्या तळव्याने त्यावरून एकदा हात फिरवला, नेहमी फिरवायची तसा. कोणालाही ते सुंदर वाटलं असतं. एक्स-रेमध्ये थोडा कल दिसला असता. सर म्हणाले असते, या वयात चालतं. दीड महिन्याने प्लास्टर निघालं असतं. मनगटावर उंचवटा राहिला असता. कळशी उचलताना कळ आली असती, भाकरी थापताना आली असती, जन्मभर. दरवर्षी, पाट डोक्यावर धरताना.

पाट.

इतका वेळ ते प्लास्टर तिच्या हाताखाली घट्ट होत होतं, आणि ती होऊ देत होती.

"लताबाई," ती म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा निघाला की दिपमाला दचकली. "कात्री द्या. आणि सरांना खाली बोलवा."

"का हो ताई? झालं ना?"

"काढायचंय."

सर चिडूनच आले, हातमोजे काढत. "काय झालं?"

"माझा हात सुटला, सर. हाड सरकलंय."

"तुमचा?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या कोणाचा सुटला असता तर ते ओरडले असते. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा ओढणं. या वेळी दिपमाला ओरडली नाही. तिने खालचा ओठ दातांत धरला आणि सगळा वेळ, सर ओढत असताना आणि हेमांगी पट्टी गुंडाळत असताना, हेमांगीच्या तोंडाकडे पाहत राहिली. हेमांगीने पंजा धरला तो लताबाई दोनदा "झालं हो ताई" म्हणाल्यावरही सोडला नाही.

संध्याकाळी ती त्यांच्याच गाडीने निघाली. नवरा, जितेंद्र, दुकान बंद करून उद्या येणार होता. नूतन येणार नव्हती. कोणी काही विचारलेलं तिला आज सोसवलं नसतं. पारोळ्याला कुंदन पेट्रोल भरायला उतरला. मागच्या सीटवर दोघी. दिपमालाचा हात झोळीत.

"अक्का."

"काय वं?"

"हात सुटना, का सोडा तुम्ही?"

पंपावरच्या ट्यूबलाइटभोवती पाखरं आपटत होती. हेमांगीने खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की खरं काय ते तिलाही ठाऊक नाही.

"माले माहीत नही," ती म्हणाली.

दिपमालाने झोळीतला हात मांडीवर नीट घेतला.

"नूतनना निकाल लागेल शे," मग ती म्हणाली. "सकायीच पोऱ्यानी सांगं माले. तिना नंबर नव्हता." ती खिडकीबाहेर पाहत होती. "माहीत व्हतं, तरी इचारं मी."

"काब्र इचारं?"

"तुम्ही बी.एस्सी. शेतस. तुम्हले बठ्ठा मान देतस. ताईबाई आजारी पडनी की मीच करस, आनि ती येनाराले सांगस काय, मन्ही मोठी सून दवाखानामा शे धुयाले." तिने नाक ओढलं. "एकदाव मन्हं बी काही मोठं ऱ्हावाले पाहिजे का नही?"

कुंदन येऊन बसला. "काय गप्पा चालन्यात जावा-जावासन्या?" त्याने आरशात पाहून विचारलं.

"काही नही," दोघी एकदम म्हणाल्या. गाडी भडगावच्या रस्त्याला लागली.

हेमांगीला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला हलकं वाटेल. वाटलं नाही. दिपमालाही आपल्यावर जळते हे कळल्यावर तिचा स्वतःचा जळफळाट जिथल्या तिथे राहिला, फक्त आता त्याला सोबत होती.

रविवारी सकाळी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचे होते, कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी. पूर्वी ते घरच्या जात्यावर दळायचे. आता गिरणीवाला वना गिरणी धुऊन ठेवतो आणि त्या सकाळी दुसऱ्याचं दळण घेत नाही. दोन वर्षं मोजणारी मूठ दिपमालाची होती. ताईबाईंनी झोळीतल्या हाताकडे पाहिलं आणि सूप हेमांगीपुढे सरकवलं.

"मोज मोठे. कानबाईलेच समजस बठ्ठं."

हेमांगीने मोजलं. मेलेल्या सासऱ्यांचे भाऊ, त्यांची मुलं, नातू. कुंदनची मूठ, योगेंद्रची, अभिमनची. जितेंद्रची. आपल्या घरची एक मूठ टाकून झाली की तिचा हात पूर्वी दरवर्षी सुपावर थोडा थांबायचा, पुढे कोणाचं नाव नाही म्हणून. आजही थांबला. दिपमालाने ते पाहिलं. मुलींची मूठ नसते, तसं करता येत नाही, दोघींनाही माहीत होतं. हेमांगीने सूप पिशवीत रिकामं केलं. गहू वनाकडे गेले.

सोमवारी सकाळी डफ वाजायला लागला तेव्हा हेमांगी नेसून तयार होती. या वेळी तिने चुंबळ केली नव्हती. ताईबाईंनी कानबाईचा पाट दोन्ही हातांनी उचलला आणि तिच्यासमोर आल्या.

"ले वं मोठे. अवंदा तूच. धाकलीना हात मोडेल शे."

अंगणात भाऊबंदांच्या बायका उभ्या होत्या. त्यांतली धुरपदाबाई कोणाला तरी म्हणाली, "बरं व्हयनं, आते बरोबर सेट व्हयनं. मोठीना मान मोठीले."

हेमांगीला तो पाट हवा होता. इतका, की तिचे तळवे आपोआप वर झाले होते. नथीतला लाल खडा, रेखलेले डोळे, ओल्या कुंकवाचा वास, सगळं हातभर अंतरावर. समोर दिपमाला डाव्या हाताने उजवा धरून उभी होती. काल रात्रभर कानबाईपुढे गाणी तिनेच म्हटली होती. सगळी तिलाच पाठ होती.

"दिपमालाच ली," हेमांगी म्हणाली. "जेवना आंगे, मोडेल हातकडथीन, मी धरसू."

"एक हातवरी?" ताईबाईंना कळेना. "तुन्हाच मान शे ना हाऊ? मांगला साल रुसेल व्हती तू, माले काय समजस नही का?"

"रुसेल व्हतू," हेमांगी म्हणाली. बायका हसल्या. "पन तिच ली."

दिपमाला पुढे आली. तिने नको म्हटलं नाही. तिला पाट हवाच होता. तिने मान वाकवली. हेमांगीने तिथेच चुंबळ वळून तिच्या डोक्यावर नीट बसवली, पाट ठेवला, आणि प्लास्टरवर मिठाईच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी चढवून दोरीने बांधली. प्लास्टर मिनिटांत सेट होतं, पण आतून वाळायला दोन दिवस लागतात; तोवर ते कच्चंच असतं. त्यावर भार द्यायचा नाही, पाणी लागू द्यायचं नाही.

मिरवणूक निघाली. दिपमालाचा डावा हात पाटाला, उजवीकडून हेमांगीचा. गल्लीतले लोक ओट्यांवर आले. बायका कानबाईला हात जोडत, मग दिपमालाकडे पाहत. "काय वं, हात मोडना तरी सोडं नही तू!" कोणी म्हणालं, आणि दिपमालाने मान ताठ ठेवून डोळ्यांनीच हसून दाखवलं. हेमांगीकडे बघायचं कोणाला कारण नव्हतं. तिचा खांदा भरून आला. हात बदलता येत नव्हता.

गिरणेच्या उतारावर वाळू सुरू झाली तशी दिपमालाची पावलं लहान झाली. पाट किंचित कलला. हेमांगीने तळवा पाटाखाली सपाट केला, बोटं न लावता, आणि चालता चालता खाली झोळीकडे पाहिलं. पिशवीतून प्लास्टरची कड दिसत होती. सरळ होती. कुठे तडा नव्हता.

"धरेल शेतस ना अक्का?" दिपमालाने वळून न पाहता विचारलं.

"धरेल शे," हेमांगी म्हणाली. "तू समोर देख."